आमदार सत्कारही करतात आणि हरले की मतदानावर शंकाही घेतात, मग आपण कशावर विश्वास ठेवायचा?

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न विचारलेत. अभिनंदनाचे ठराव आणि सत्कार यात आमदारांनी वेळ घालवावा का, आणि तेच लोक ईव्हीएमबद्दल बोंब मारतात तर आपण मतदान खरं धरायचं का. पहिल्याचं उत्तर सोपंय, घालवावा पण थोडा. दुसऱ्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण या दोन्ही गोष्टी माझ्यासोबत एकाच आमदारानं केल्यात.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक, आता रिटायर. म्हणून एवढं मोकळं लिहितोय, नोकरीत असतो तर गप्प बसलो असतो. जिल्हास्तरावर एकदा आमचा गुणवंत शिक्षक म्हणून सत्कार होता. व्यासपीठावर तीन-चार आमदार, त्यातल्या शेजारच्या मतदारसंघाच्या आमदारसाहेबांच्या हातून मला शाल-श्रीफळ. भाषण काय केलं त्यांनी, शिक्षक म्हणजे लोकशाहीचा कणा, जनगणना असो निवडणूक असो गुरुजींशिवाय या राज्याचं पान हलत नाही वगैरे. खरं सांगतो, छाती फुगली होती. बायको पहिल्या रांगेत बसलेली. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला आणि पायऱ्या उतरताना संयोजकांपैकी एका पोरानं हळूच ती शाल काढून घेतली, सर पुढच्यांना कमी पडतायत म्हणाला. नारळ तेवढा घरी आला. असो, त्याचा राग नाही, सत्कारमूर्ती जास्त झाले की असं होतं.

पुढच्या विधानसभेला मला केंद्राध्यक्ष म्हणून ऑर्डर आली ती नेमकी त्याच साहेबांच्या मतदारसंघात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या मतदारसंघात ड्युटी देत नाहीत, कॉम्प्युटरवर सरमिसळ करतात आणि कुठलं केंद्र ते अगदी शेवटी कळतं. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य घेतलं, कंट्रोल युनिट (मतं साठवणारं), बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची छापील चिठ्ठी दाखवणारं) यांचे नंबर यादीशी जुळवले, एसटीतून गावात गेलो, शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपलो. झोप कसली, डास आणि उद्याची काळजी.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान 50 मतं टाकून दाखवायची, मशीनचा निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्या आणि दोन्ही जुळले की क्लिअर दाबून मशीन शून्यावर आणायचं. त्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. मशीनमध्ये काय चाललंय ते तपासायची साध्या माणसाला मिळणारी ही सगळ्यात चांगली संधी. आणि साहेबांचा पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावरचा प्रतिनिधी, कुठे? पत्ता नाही. नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं थांबलो, मग हजर होते त्यांच्यासमोर मॉक पोल उरकला. हे महाशय मतदान सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर आले, कपाळाला गंध, हातात मोबाईल, आणि मला विचारतात, गुरुजी चहाची सोय कुठंय.

दिवसभर ठराविक वेळानं टोटलचं बटण दाबून आकडा सांगत होतो, रजिस्टरशी जुळवत होतो. यांनी एकदाही लिहून घेतला नाही. संध्याकाळी रांग संपली, क्लोज दाबलं, 17-सी भरला. हा 17-सी म्हणजे त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशेब, मशीनचे नंबर, सीलचे नंबर सगळं त्यावर असतं आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटला सहीनिशी द्यायची असते. मोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवरचा एकूण आकडा या कागदाशी जुळवून बघतात. आमच्या ह्या गड्यानं सही ठोकली आणि प्रत न घेताच निघाला. मी अक्षरशः मागे पळत जीपपर्यंत गेलो. तो म्हणतो, उद्या द्या की गुरुजी. म्हटलं उद्या मशीन स्ट्राँगरूमला आणि मी माझ्या शाळेत असतो रे बाबा, धर हा कागद. त्यानं घडी घालून खिशात कोंबला, वर चुन्याची डबी.

निकालात साहेब पडले. आणि आठवड्याभरात त्यांचं भाषण फिरायला लागलं, मशीन मॅनेज, बूथवरचे कर्मचारी मॅनेज. त्यात आमच्या केंद्राच्या गावाचं नाव घेऊन बोलले. तुम्हीच सांगा, ज्याला तुम्ही लोकशाहीचा कणा म्हणालात तो दोन वर्षांत विकला कसा गेला, आणि विकला गेला असेल तर तुमच्या माणसाच्या खिशातला कागद बाहेर काढून दाखवा ना. तक्रार नाही, कोर्टात पिटिशन नाही, फक्त माईक.

त्यावरून आमच्या थोरल्या साडूंचं न माझं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. ते त्या साहेबांच्या पक्षाचे. पुतणीच्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, गुरुजी, तुम्हाला काय माहीत आतमध्ये काय प्रोग्राम भरलाय, तुम्ही तर नुसते बटण दाबणारे. मी म्हटलं अण्णा, तुम्ही कधी एजंट म्हणून बसलाय का? नाही. 17-सी बघितलाय का? नाही. मग बोलताय कशावर? तर म्हणे सगळं जग बोलतंय.

आता हे सगळं जग बोलतंय त्याचं बघू. ईव्हीएम पहिल्यांदा वापरलं मे 1982 मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात, 50 केंद्रांवर. तिथे भाकपचे सिवन पिल्लै मतदानाआधीच मशीनविरोधात कोर्टात गेले होते, त्यांचं ऐकलं नाही आणि ते निवडून आले, 123 मतांनी. लगेच हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस त्याच मशीनविरोधात कोर्टात. म्हणजे शंका घेणारा जिंकला आणि हरला त्याला शंका आली! 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या केंद्रांवर कागदी मतपत्रिकेनं फेरमतदान घ्यायला लावलं आणि जोस जिंकले. पण कोर्टानं मशीन खोटं म्हटलं नव्हतं, कायद्यात मशीनची तरतूदच नाही एवढंच म्हटलं होतं. तरतूद नंतर 1989 मध्ये लागू झाली. तेव्हापासून आजवर हरणाऱ्यांची भूमिका तीच. 2009 ला लोकसभा हरल्यावर भाजपच्या अडवाणींनी मतपत्रिका मागितली होती, आज त्यांचा पक्ष मशीनची बाजू घेतो. 2017 ला आम आदमी पार्टीच्या आमदारानं दिल्लीच्या विधानसभेत मशीनसारखं दिसणारं यंत्र आणून हॅक करून दाखवलं, पण ते निवडणूक आयोगाचं मशीन नव्हतंच. आपल्याकडे काँग्रेसचे नाना पटोले विधानसभा अध्यक्ष असताना फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी सरकारला सांगितलं की मतदाराला मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा करा. तेच नाना 2024 ला साकोलीतून 208 मतांनी निवडून आले, मशीनवरच.

2024 च्या विधानसभा निकालानंतर तर कहर. 7 डिसेंबरला महाविकास आघाडीच्या बहुतेक आमदारांनी ईव्हीएमचा निषेध म्हणून शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी घेतली. एका रात्रीत मशीन सुधारलं का? आणि माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी आठवतंय ना, गावकरी स्वतः मतपत्रिकेवर मतदान घेणार होते. तिथले उत्तमराव जानकर निवडून आलेले आमदार, फक्त त्या एका गावात मागे पडले म्हणून शंका. पोलिसांनी जमावबंदी लावून ते होऊ दिलं नाही आणि हे मात्र माझ्या मते साफ चुकलं. त्याला कायदेशीर अर्थ काहीच नव्हता, करू द्यायचं होतं. दडपलं की अण्णांसारख्यांना आयतं कोलीत मिळतं.

तुमचा सत्काराचा मुद्दा राहिलाच. जुलै 2024 ला विश्वचषक जिंकल्यावर विधानभवनात रोहित शर्मा, सूर्यकुमार, दुबे, जयस्वाल यांचा सत्कार झाला, संघाला 11 कोटी जाहीर झाले. कौतुक करायलाच पाहिजे, पण ज्यांना जगानं डोक्यावर घेतलंय त्यांना आमदारांनी डोक्यावर घेऊन काय वेगळं होतं? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि त्यांना जायला पैसे कुणी दिले तर गावानं आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी, घर गहाण टाकून म्हणतात. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. आमदारानं उभं राहून नाव घ्यायचं ते अशांचं, आणि गरज असताना घ्यायचं. आमच्या तालुक्यातली एखादी अंगणवाडी सेविका, नाहीतर पुरात रात्रभर डीपीवर चढलेला वायरमन, याचं नाव सभागृहाच्या कामकाजात छापून आलं तर त्याच्या सात पिढ्या सांगतील. सभागृहाची पाच मिनिटं गेली तर गेली, गोंधळात याहून जास्त जातात.

मग विश्वास ठेवायचा का? माझं मत, मतदान केंद्रावर जे होतं त्यावर ठेवा, कारण ते मी हातानं केलंय. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघा. चुकीची दिसली तर तिथल्या तिथं केंद्राध्यक्षाला सांगा, तुमच्याकडून लेखी घेऊन टेस्ट व्होट (चाचणी मत) करता येतं, पण खोटं निघालं तर कारवाई होते हेही लक्षात ठेवा. हरलेल्या उमेदवाराला पण रस्ता आहे. एप्रिल 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत 5 टक्के मशीनच्या मेमरीची तपासणी मागता येते. लोकसभेला एका सेटचे जीएसटीसकट 47,200 रुपये भरायला लावले होते, गडबड सापडली तर परत. महाग आहे, मान्य. पण सत्काराच्या मांडवाचा खर्च बघा आणि मग बोला.

आता अण्णा हे वाचणार आहेत म्हणून त्यांच्या बाजूचंही लिहितो. मी इंजिनिअर नाही. व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं बाहेरून लोड करतात, ते काम कंपनीचे इंजिनिअर करतात, त्यावर प्रश्न विचारणं रास्त आहे. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात फक्त पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात, ती संख्याही वाढवायला हरकत नसावी. 2024 च्या विधानसभेला मतदान पाच वाजता 58.22 टक्के आणि शेवटी 66.05 टक्के, हा फरक आयोगानं लोकांना समजेल असा सांगायला हवा होता. (रांगेतल्यांना टोकन देऊन मतदान चालूच असतं आणि पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला असतो, हे मला माहीत आहे, पण लोकांना कसं माहीत असणार?) आणि डिसेंबर 2024 ला निवडणूक नियमांतला नियम 93 बदलून सीसीटीव्ही फुटेज मागायची वाट बंद केली, नंतर कोर्टात पिटिशन नसेल तर ते 45 दिवसांनी नष्ट करायच्या सूचना दिल्या, हे मला अजिबात पटलेलं नाही. मी प्रामाणिकपणे केलेलं काम कुणी पडद्यावर बघितलं तर माझं काय जातंय? उलट माझ्यावरचा डाग गेला असता. आमदारांनी यावर सभागृह डोक्यावर घ्यावं, मी टाळ्या वाजवीन. आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत तर व्हीव्हीपॅट लावायचंच नाही असं राज्य निवडणूक आयोग म्हणतो, तिथे एजंट आणखीच महत्त्वाचा.

त्यामुळे तुम्हाला खरंच शंका असेल तर पुढच्या वेळी ज्या उमेदवारावर भरवसा आहे त्याच्याकडून एजंटचा फॉर्म भरून घ्या, पहाटे साडेपाचला केंद्रावर जा, सीलवर सही करा, सीलचे नंबर लिहून घ्या आणि संध्याकाळी 17-सीची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. अण्णांना मी हेच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, दिवसभर बसायचं म्हणजे जेवणाची काय सोय?