बिल्ला कानात आहे, पण गाय कोणाच्या नावावर आहे?

जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याबद्दल गेल्या पंधरवड्यात सोलापूर जिल्ह्यातून बरेच प्रश्न आले. त्यातले चार इथे घेतो.

सांगोला : रविवारच्या बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय आणली. कानात बिल्ला आहे. आता आणखी काही करायचं राहिलं का?

राहिलंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच राहिलंय. बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर त्या गायीचा, जन्मभराचा. पण जनावरांच्या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या 'भारत पशुधन' या ऑनलाइन प्रणालीत त्या नंबरापुढं मालक म्हणून अजून विकणाऱ्याचंच नाव असणार. एकरभर रान घेतलं तर सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत आपण तलाठ्याकडं खेटे घालतो. लाखाची गाय घेतली की मात्र दावं बदलून मोकळे होतो.

२०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान आलं आणि त्यासाठी बिल्ल्याचा नंबर लागला, तेव्हा याचा फटका डोळ्यांनी पाहिला. एका गोठ्यात मी वही घेऊन बसलो होतो. दावणीला सात दुभत्या गायी, सातींच्या कानांत बिल्ले. नंबर टाकत गेलो तर तीन गायी जुन्या मालकांच्या नावावर निघाल्या. एक विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याचा मोबाइल बंद. शेतकरी म्हणाला, "साहेब, धारा मी काढतोय, मग गाय त्याची कशी?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

म्हणून बाजारातच फडक्यानं बिल्ला पुसून नंबर वाचा, पावतीवरच्या नंबराशी अंक न अंक ताडून बघा. विकणाऱ्याचा चालू मोबाइल नंबर घ्या आणि त्याच आठवड्यात पावती घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नावबदल करून घ्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. वीज पडून, विजेचा धक्का बसून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं तर भरपाईसाठीही हाच नंबर लागतो. तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर पंचनाम्याच्या वेळी धावपळ तुमचीच होणार.

मोहोळ : पंढरपुरी म्हशीला बिल्ला मारल्यापासून कान सुजलाय. शेजारी म्हणतात काढून टाक.

काढू नका. एकदा कापलेला बिल्ला परत बसत नाही. दोन-तीन दिवस थोडी सूज राहतेच. रोज पोव्हिडोन आयोडीननं भोक पुसा आणि माशी बसू नये म्हणून दवाखान्यातून मलम घ्या. जखम भरेपर्यंत म्हशीला डबक्यात सोडू नका, घरीच पाणी मारा. पू, वास किंवा सारखं डोकं झटकणं दिसलं तर अळ्या पडल्या असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन केला तरी चालेल.

चूक बहुतेक वेळा मारतानाच होते. कानाच्या दोन ठळक शिरांच्या मधोमध जागा धरायची आणि पिन दर वेळी जंतुनाशकात बुडवायची असते. पंढरपुरी म्हशीची शिंगं मानेवरून पार पाठीकडं गेलेली असतात. शिंगाखालून कान नीट ओढून न धरता घाईत मारलं तर बिल्ला कडेला लागतो आणि पहिल्याच बाभळीला अडकून कान फाटतो. त्यामुळं टॅग मारायला माणूस येईल तेव्हा म्हैस दोरखंडानं नीट जखडून द्या आणि "शीर बघून मारा" असं बिनधास्त सांगा, हे तुमच्या हक्काचं आहे. बिल्ला पडलाच तर जुना नंबर सांगून नवा मारून घ्या. प्रणालीत नवा नंबर जुन्याला जोडता येतो, म्हणजे लसीची आणि कृत्रिम रेतनाची नोंद वाया जात नाही.

मंगळवेढा : शेरडं-मेंढरांना बिल्ला कशाला? आम्ही वाडा (कळप) घेऊन कुठं फिरतो ते सरकारला कळणार का?

त्या बिल्ल्यात यंत्र नाही, बॅटरी नाही. प्लास्टिकवर छापलेला नंबर आहे, तो स्वतःहून कुणाला काही कळवत नाही.

कशाला, हे मात्र समजून घ्या. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत आला. कत्तलखान्यातल्या डुकरांत तो लक्षात येईपर्यंत बाधित मेंढ्या बाजारांतून लांब-लांब पोहोचल्या होत्या. तिथं गायींना १९९६ पासून पासपोर्ट, म्हणजे प्रत्येकीच्या ओळखीचा कागद, होता, पण एकेका मेंढीची वेगळी ओळख नव्हती. कोणती मेंढी कुठून कुठं गेली हे शोधता शोधता ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. या रोगात तोंडात फोड यायला दोन दिवसांपासून दोन आठवडेही लागतात. तेवढ्या दिवसांत मेंढरू बाजारात विकलं जाऊन दुसऱ्या तालुक्यात पोहोचतं. नंबर असला तर नेमका कोणता कळप वेगळा ठेवायचा ते कळतं, आणि सगळ्या तालुक्याचा बाजार बंद ठेवायची वेळ टळू शकते. मेंढपाळाचं पोट बाजारावर आहे, म्हणून हा बिल्ला मला तुमच्यासाठी जास्त गरजेचा वाटतो.

बार्शी : कालवडीला बिल्ला कधी मारायचा?

चार महिन्यांची झाली की लगेच. ४ ते ८ महिने या वयातच कालवडी-वगारींना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदा देतात. हा गाभ टाकायला लावणारा रोग माणसालाही होतो. लस दिलेल्या जनावराची पुढं रक्ततपासणी केली तर लसीमुळंही निकाल पॉझिटिव्ह दिसू शकतो. अशा वेळी लसीची तारीख नंबरावर चढलेली नसेल तर निरोगी गाय रोगी ठरायची.

कालवड मोठी होऊन भरवाल तेव्हा रेतनाच्या कांडीवरचा (वळूचं वीर्य असलेल्या नळीवरचा) वळूचा नंबरही तिच्या नंबरावर चढवायला लावा आणि आईच्या नोंदीशी ताडून बघा. आईला ज्या वळूची कांडी वापरून ही कालवड झाली, त्याच वळूची कांडी तिला भरू देऊ नका.