उंदीर पोहतोय की तरंगतोय, ते आधी बघ

स्मृतीच्या रेणूंवर पीएचडी करायची म्हणतेस, तर आधी वर्तनाचे प्रयोग हाताने कर. बहुतेक जण जीन, प्रथिनं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) यांच्यामागे धावतात. उंदीर खरंच शिकला का, ते मात्र नीट मोजत नाहीत.

मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिसची पाण्याची टाकीच घे. पाण्याखाली लपलेला चौथरा उंदराने आठवणीने शोधायचा. 1986 साली याच टाकीत दिसलं, की एपी5 हे औषध देऊन मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर (चेतापेशींवरचे, संदेश पकडणारे रेणू) अडवले तर उंदराला जागा नीट शिकता येत नाही. फार देखणा प्रयोग! पण आपल्या नागपुरात मे महिन्यात टाकीतलं पाणी गरमच येतं बाप्पा. अशा पाण्यात उंदीर निवांत तरंगतो, चौथरा शोधतो कशाला? आणि तू लिहिणार, औषधाने स्मृती गेली. बर्फ टाक, पाणी 22 ते 25 अंशांवर आण, दर फेरीआधी तापमान वहीत नोंदव. रिसेप्टरचं मग बोलू.

नेट परीक्षा दे, बंगळुरूच्या टीआयएफआर-एनसीबीएस या जीवशास्त्र संस्थेची प्रवेशपरीक्षाही दे. मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र विसरू नकोस. घरचे म्हणतील नागपुरातच राहा. ऐकून घे, अर्ज मात्र सगळीकडे टाक. संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्यांचे जुने विद्यार्थी किती वर्षांत सुटले, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचार. ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही.

आणि हो, प्राणी हाताळायचं प्रशिक्षण आणि एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन्ही आधी. त्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही.