मायएसक्यूएल मशीनवर आहे, मग वेगळा ड्रायव्हर कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मायएसक्यूएल हा डेटाबेस मशीनवर आहे, कमांड लाइनवरून क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) झकास चालतात, तरी पायथन भाषेतला प्रोग्राम ‘पायमायएसक्यूएल नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणून अडून बसतो. डेटाबेस असताना हा मधला ड्रायव्हर कोण?

आधी नावावर जाऊ नका. आमच्या गोव्यात भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, म्हणून तो काही विमान उडवत नाही. डेटाबेसचा ड्रायव्हरही काही हाकत नाही. तो दुभाषी आहे. पोर्तुगीज अमदानीत इथल्या सरकारात दुभाष्याचं रीतसर पद असायचं, तसलाच.

डेटाबेस हा तुमच्या प्रोग्रामपेक्षा वेगळा, स्वतंत्र चालणारा प्रोग्राम आहे. मायएसक्यूएल ३३०६ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या तेवढ्या नंबरच्या दारावर, कान लावून बसलेलं असतं. त्या पोर्टमधून आत-बाहेर जातात ते फक्त बाइट. कुठल्या बाइटचा काय अर्थ, आधी कोण बोलणार, पासवर्ड कसा पाठवायचा, हे त्या डेटाबेसनं स्वतःपुरतं ठरवलेलं असतं. पायथनला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं ती लायब्ररी (तयार कोडचा संच) म्हणजे ड्रायव्हर; पायमायएसक्यूएल त्यातलाच एक. कमांड लाइनवर तुमचं काम होतं ते त्या छोट्या प्रोग्रामच्या पोटात ही भाषा आधीच भरलेली आहे म्हणून.

हे संभाषण एकदा जवळून बघण्यासारखं असतं. मायएसक्यूएलमध्ये जोडणी झाली की पहिला बोलतो सर्व्हर, म्हणजे डेटाबेस: स्वतःची आवृत्ती सांगतो आणि २० बाइटचा एक यादृच्छिक तुकडा पुढे करतो. ड्रायव्हर तुमचा पासवर्ड त्या तुकड्यात घोळवून उत्तर देतो, म्हणजे उघडा पासवर्ड तारेवरून जात नाही. पुढे प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर चार बाइट असतात, तीन लांबीचे आणि एक अनुक्रमांकाचा. क्वेरी असेल तर त्यानंतरचा पहिला बाइट ३, आणि मग तुमचं ‘सिलेक्ट’ जसंच्या तसं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची रीत उलटी. तिथे आधी क्लायंटनं बोलायचं, आणि साध्या क्वेरीचं पाकीट ‘क्यू’ या अक्षरानं सुरू होतं. त्यामुळे मायएसक्यूएलचा ड्रायव्हर पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टला जोडलात तर दोघंही ‘आधी तुम्ही बोला’ म्हणत गप्प बसतील. शेवटी कोणीतरी कंटाळून जोडणी तोडेल.

उत्तर परत येतं तेव्हाही ड्रायव्हरलाच काम. साध्या क्वेरीला मायएसक्यूएल आकडे आणि तारखा मजकूर म्हणूनच पाठवतं. त्यांचे पायथनमधले पूर्णांक आणि तारखा ड्रायव्हर बनवतो.

प्रत्येक डेटाबेसची भाषा वेगळी म्हणून प्रत्येक प्रोग्राम वेगळा लिहायचा, हा ताप कमी करायला मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये ओडीबीसी आणलं आणि सन या कंपनीनं १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी. प्रोग्रामनं कुठली फंक्शन्स बोलवायची ते एकदाच ठरलं, खालची भाषा ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरकडे. पायथनमध्येही ‘कनेक्ट’, ‘कर्सर’, ‘एक्झिक्यूट’ ही नावं सगळ्या ड्रायव्हरांना सारखी आहेत ती अशाच ठरावामुळे. एसक्यूएलाइट हा डेटाबेस मात्र सर्व्हरवाल्यांच्या पंगतीत बसत नाही. तिथे सर्व्हरच नाही, लायब्ररीच थेट फाइल उघडते.

इथवर कुठल्याही पुस्तकात मिळेल. ड्रायव्हर खरा कळला तो मला फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या पावत्यांचा प्रोग्राम करताना तीनदा फसलो तेव्हा, आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती.

पहिली फजिती एका डिसोझांनी केली. गोव्यात देवळाला देणगी देणारे डिसोझा काही नवलाचे नाहीत, पण हे नाव रोमी लिपीत लिहिताना ‘डी’नंतर एक अवतरण चिन्ह येतं. मी नाव सरळ क्वेरीत चिकटवलं होतं. त्या चिन्हापाशी एसक्यूएलला वाटलं नाव संपलं, आणि पावती कोसळली. नाव वेगळं पॅरामीटर म्हणून दिलं की ते चिन्ह कसं झाकायचं ते ड्रायव्हर बघतो. कोणी त्या जागी मुद्दाम ‘डिलीट’ घुसवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या रात्री केला आणि बाकीच्या सगळ्या क्वेरीही बदलल्या.

दुसरी गोष्ट मंगेशची. पावतीवर नाव बरोबर, पण वर्षाची यादी छापली की मंगेशच्या जागी पाच प्रश्नचिन्हं. अक्षरं तीन, मग प्रश्नचिन्हं पाच का? कारण युनिकोडमध्ये म, अनुस्वार, ग, मात्रा आणि श हे पाच वेगळे घटक आहेत. टेबल ठीक होतं. यादी छापणारी स्क्रिप्ट जुन्या पीएचपीतली होती. जोडणीत कॅरॅक्टर सेट (कुठल्या अक्षराला कुठले बाइट याचा तक्ता) सांगितलाच नसल्यानं ती लॅटिन-१ धरून चालली होती, आणि लॅटिन-१ मध्ये देवनागरी नाहीच. सर्व्हर बिचारा प्रत्येक घटकाला एक प्रश्नचिन्ह देत होता. जोडणीच्या वेळी देवनागरी सामावणारा ‘यूटीएफ८एमबी४’ सांगितला, संपलं. मराठी किंवा कोंकणी डेटा असेल तर हे तुम्ही पहिल्या दिवशीच लिहून टाका.

तिसरी सगळ्यात चिवट. रोज सकाळची पहिली पावतीच फसायची, दुसरी बिनबोभाट निघायची. काउंटरवरचे काका मला म्हणाले, ‘तुजें मशीन सकाळीं उठना रे.’ मी आठवडाभर प्रिंटरला शिव्या घातल्या. प्रोग्राम रात्रभर उघडा असायचा, आणि मायएसक्यूएल आठ तास, म्हणजे २८,८०० सेकंद, काही हालचाल नसलेली जोडणी आपणहून बंद करतं. ड्रायव्हरला ते कळतं पहिली क्वेरी पाठवल्यावर. देऊळ रात्री आठला बंद, सकाळी साडेसहाला उघडणार. हिशेब तुम्हीच करा. आता प्रत्येक पावतीआधी प्रोग्राम जोडणीला ‘पिंग’ करून बघतो, मेली असेल तर नवी जोडतो.

तुमच्या अडचणीकडे येतो. पायमायएसक्यूएल ‘पिप’ या पायथनची मॉड्यूल घालणाऱ्या साधनानं घाला, पण ‘पायथन -एम पिप’ असं बोलवून. मशीनवर दोन-तीन पायथन असतात, मॉड्यूल एकात जातं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. मग ‘घातलं तरी नाही म्हणतंय’ अशी बोंब. ‘क्रिप्टोग्राफी पॅकेज हवं’ असं म्हणालं तर तेही घाला. मायएसक्यूएल ८ पासून पासवर्ड तपासायची पद्धत बदलली आहे, तिला ते लागतं. यानंतर २००३ नंबरची त्रुटी आली तर तुम्ही सर्व्हरच्या दारापर्यंतच पोचला नाहीत: पत्ता, पोर्ट, सर्व्हर चालू आहे का ते बघा. १०४५ आली तर ड्रायव्हर, पोर्ट सगळं ठीक आहे, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकलाय. त्या त्रुटीचा पूर्ण मजकूर इथेच टाका, मी बघतो.