फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्ह दिसत होतं, तरी तासभर का थांबवलं?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. वहिनींना सिझेरियननंतर जास्त रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या आणायला सांगितल्या आणि तुम्ही फॉर्म व सॅम्पल घेऊन रक्तपेढीत धावलात. काचेच्या दारातून पिशव्या दिसत होत्या. तरी आधी सॅम्पल परत पाठवलं, मग तासभर बाकावर बसवलं, वर डोनर आणा म्हणाले आणि पैसेही घेतले. वहिनी आता बऱ्या आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. मी सोलापुरातल्याच एका ब्लड बँकेत एकतीस वर्षं टेक्निशियन होते. तुम्ही ज्या खिडकीबाहेर उभे होतात, तिच्या आत त्या तासात काय चालतं ते सांगते.

आधी त्या दिसलेल्या पिशव्या. फ्रिजमध्ये बी पॉझिटिव्ह लिहिलेली प्रत्येक पिशवी द्यायला मोकळी नसते. काल-परवाच्या शिबिरातल्या पिशव्या तपासण्या होईपर्यंत वेगळ्या ठेवतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाचही तपासण्यांचा निकाल निर्दोष आल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. काही पिशव्या दुसऱ्या पेशंटसाठी क्रॉसमॅच करून, म्हणजे त्याच्या रक्ताशी जुळतात हे तपासून, त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवलेल्या असतात. सकाळी ऑपरेशन असलेल्या माणसाची पिशवी काढून तुम्हाला दिली, तर त्याचे नातेवाईक तुमच्याच जागी येऊन उभे राहतील.

आता सॅम्पल परत पाठवल्याबद्दल. तुमचा सगळ्यात जास्त राग याचाच आहे, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही याबद्दलच. बल्बवर, म्हणजे रक्ताच्या छोट्या नळीवर, नुसतं नाव होतं, आयपीडी नंबर (हॉस्पिटलात भरती केल्याचा नंबर) नव्हता आणि फॉर्मवर वहिनींचं माहेरचं नाव होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मी असते तर मीही परत पाठवलं असतं. पेशंट कितीही सीरियस असला तरी.

आपल्या सोलापुरात एका वॉर्डात दोन सिद्राम, तीन लक्ष्मीबाई सहज सापडतात. अक्कलकोटकडचे, इंडी-विजापूरकडचे, मंगळवेढ्याचे, तुळजापूरचे सगळे पेशंट इथेच येतात आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वराचं नाव घराघरांत असतं. एकदा माझ्या नाइट ड्यूटीला एका हॉस्पिटलमधून सिद्राम नावाचं सॅम्पल आलं. ग्रुप बी आला. सवयीने जुनं रजिस्टर चाळलं, तर दोन महिन्यांपूर्वी त्याच नावाचा, त्याच गावचा, त्याच वयाचा माणूस ए ग्रुपचा नोंदलेला. माणसाचा ग्रुप असा बदलत नाही. वॉर्डला फोन केला. शेजारशेजारच्या खाटांवर दोन सिद्राम होते. सिस्टरने दोघांचं रक्त काढून बल्ब ट्रेमध्ये ठेवले होते आणि चिठ्ठ्या नंतर टेबलावर बसून चिकटवल्या होत्या. त्या रात्री तिच्याकडे बेचाळीस पेशंट होते, हेही सांगायला हवं. नवीन सॅम्पल मागवलं, ग्रुप ए आला. रजिस्टरमध्ये ती जुनी नोंद नसती, तर आमच्याकडची प्रत्येक तपासणी बरोबर करून मी ए ग्रुपच्या माणसाला बी रक्त पाठवलं असतं. अशा वेळी पिशवीतलं थोडंसं रक्त गेलं तरी हुडहुडी भरते, कंबर धरते, लघवी लाल होते आणि किडनी बंद पडू शकते.

म्हणून बल्बवर पूर्ण नाव, आयपीडी नंबर, तारीख, वेळ आणि रक्त काढणाऱ्याची सही लागते, आणि ती चिठ्ठी पेशंटच्या खाटेपाशीच लावायची असते. ज्या हातात सलाईन चालू आहे त्याच हातातून काढलेलं पातळ सॅम्पल किंवा सिरिंजने जोरात ढकलल्यामुळे पेशी फुटून लालसर झालेलं सॅम्पलही आम्ही घेत नाही.

मग तो तास. सॅम्पल आलं की आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करतात. पेशंटच्या पेशींवर निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि बिनरंगाचं अँटी-डी ही तपासणीची द्रावणं घालून ग्रुप बघतात. एवढ्यावर थांबत नाहीत. वरचं पाणी घेऊन ते आमच्याकडच्या ए, बी आणि ओ पेशींशी उलटं जुळवून बघतात. दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं. या उलट्या तपासणीचं महत्त्व महाराष्ट्राला तरी वेगळं सांगायला नको. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला, तो सरळ तपासणीत चक्क ओ दिसतो. पण त्या माणसाचं रक्त ओ पेशींनाही विरोध करतं. त्याला साधं ओ दिलं तर जिवावर बेततं.

ग्रुप पक्का झाला की क्रॉसमॅच. पिशवीच्या नळीचे सील केलेले छोटे तुकडे असतात, त्यातला एक कापून दात्याच्या पेशी काढतात. त्या वहिनींच्या सीरमबरोबर जेल कार्डात, म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या कार्डात, घालायच्या, ३७ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायच्या, मग दहा मिनिटं फिरवायच्या. कार्ड उजेडासमोर धरलं की कळतं. सगळ्या पेशी जेलमधून खाली जाऊन तळाशी लाल टिकलीसारख्या बसल्या, तर जुळलं. वरच रेघ धरून अडकल्या किंवा मध्येच विखुरल्या, तर ती पिशवी बाजूला आणि दुसऱ्या पिशवीपासून पुन्हा सुरुवात. ३७ अंश का, तर ते शरीराचं तापमान. काही प्रतिद्रव्यं (परक्या पेशींवर हल्ला करणारे रक्तातले घटक) थंडीत दिसतच नाहीत, शरीरात गेल्यावरच काम करतात. पूर्वी रक्त घेतलेल्यांच्यात आणि आधी गरोदर राहिलेल्या बायकांच्यात ती सापडण्याची शक्यता जास्त. वहिनींचं हे दुसरं बाळंतपण होतं, तेव्हा त्यांच्या बाबतीत ही पायरी गाळणं मला तरी मान्य झालं नसतं.

एकूण हिशेब केला तर पाऊण तास ते तास हा वेळ कामाचाच आहे. रक्त थांबतच नसेल, पेशंट हातचा जात असेल, तर डॉक्टर लेखी देऊन क्रॉसमॅच पूर्ण होण्याआधी त्याच ग्रुपची किंवा ओ ग्रुपची पिशवी मागू शकतात, आणि आम्ही ती काही मिनिटांत देतो. मागे क्रॉसमॅच चालूच राहतो आणि काही जुळलं नाही तर फोन करून थांबवतो. पण तो निर्णय डॉक्टरांचा आणि सही त्यांची. खिडकीवर कुणी कितीही ओरडलं तरी आम्ही तो घेऊ शकत नाही.

डोनरबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. बदली रक्तदाता आणा अशी विनंती करणं ठीक, पण डोनर येईपर्यंत पिशवी अडवून ठेवणं चूक. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात स्वेच्छेच्या रक्तदानावर भर आहे आणि बदली दात्याची पद्धत बंद करत न्यायची असं ठरलंय. पिशवी अडवली की घाबरलेला नातेवाईक कुणाला तरी पैसे देऊन उभा करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. त्याआधी मी असे लोक टेबलावर घेतलेत. कोपराच्या आत सुयांचे व्रण, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक, आणि विचारलं की म्हणायचे, "अक्का, मेहुणा हाय माझा." ते दिवस परत नकोत.

डोनर आणायला सांगण्यामागे तुटवडाही खरा असतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या वर जातो, कॉलेजं बंद असतात, शिबिरं आटतात. त्यात हिमोग्लोबिन १२.५ लागतं, आणि शिबिराला हौसेने आलेल्या आपल्या विडी कामगार बायकांतल्या कितीतरी जणींना मला तिथूनच परत पाठवावं लागायचं. वाईट वाटायचं. त्यांना रक्तदानाच्या कार्डाऐवजी लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी मिळायची.

पैसे रक्ताचे नसतात. पिशवी, तपासण्या, साठवण यांचे असतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०२२ मध्ये खासगी रक्तपेढ्यांसाठी पॅक सेलच्या (लाल पेशींच्या) एका पिशवीला १,५५० रुपये ही मर्यादा ठरवली. काही जादा तपासण्यांचे वेगळे लागू शकतात. पावती हातात आहे तर त्यात काय काय धरलंय ते विचारा, सांगणं त्यांचं काम आहे. थॅलेसेमियासारख्या आजारात, जिथे वारंवार रक्त चढवावं लागतं, तिथे हे पैसे लागत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की भावाने दिलेलं रक्तच वहिनींना का नाही चढवलं, ग्रुप तर तोच होता. नवऱ्याचं रक्त मूल होण्याच्या वयातल्या बायकोला देणं आम्ही टाळतो. त्याच्या पेशींविरुद्ध तिच्यात प्रतिद्रव्यं तयार झाली, तर पुढच्या बाळाला, ज्याच्यात निम्मा वारसा त्याचाच, त्रास होऊ शकतो. भावाची पिशवी तपासून दुसऱ्या कुणाला गेली असेल.

आणि एक, पुन्हा कधी पिशवी न्यायची वेळ आली तर. मी भर मेमध्ये स्कूटरच्या हुकाला कॅरीबॅगमध्ये लटकवून नेलेल्या पिशव्या बघितल्यात, आणि वॉर्डात गरम पाण्यात बुडवून "कोमट" केलेल्याही. गरम पाण्याने पेशी फुटतात आणि रक्त विष होतं. थर्मोकोलच्या डब्यात न्या, वाटेत कुठे थांबू नका. फ्रिजबाहेर अर्धा तास झाला की आम्ही ती परत घेत नाही, आणि लावल्यापासून चार तासांत ती संपायला हवी. लावण्याआधी सिस्टर पिशवीवरचं नाव आणि नंबर वाचते, तेव्हा तुम्हीही शेजारी उभं राहून मोठ्याने वाचा. तिला राग येणार नाही.

वहिनींचा क्रॉसमॅच रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधीही, कुठल्याही हॉस्पिटलात भरती झाल्या, तर पहिल्याच दिवशी तो दाखवा आणि आधी रक्त चढवलंय हे आपणहून सांगा.