अर्ज देण्याआधी टेबलाकडे बघा

"वय ४७. नागपुरात एका सरकारी कचेरीत निराधार योजनेचं टेबल सांभाळतो. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थना सभा, महिन्यातून एकदा मेडिकलसमोर, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासमोर, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण. तेवढाच वेळ प्रभूचा, बाकी फायलींत वाया जातो. चहापाणी घेत नाही म्हणून सहकारी 'पाद्रीबुवा' म्हणून चिडवतात. येशूच्या हाकेसरशी मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठला, तसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ सेवेत जावं म्हणतो. बायको म्हणते, पोरगी बारावीला आहे, वेड लागलं का? परवा बुधवारी सभेची घाई, त्यात बुटीबोरीकडची एक म्हातारी कागद घेऊन आली. तिला उद्या या म्हटलं आणि निघालो. अशा कामात मन कसं रमावं?"
– एक वाचक, सदर, नागपूर

दादा,

तुमची २० वर्षं नोकरी झाली असेल तर नियमाने अर्ज करता येईल. पण तुमच्या पत्रात मी अडकले ती त्या म्हातारीपाशी. तुम्ही तिला एका ओळीत उरकलंत.

विधवा, निराधार बाईला या योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. तेवढ्यासाठी उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूदाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. एका कागदावर नाव 'शांताबाई' आणि दुसऱ्यावर नुसतं 'शांता' असलं की फाईल परत! भर उन्हात एसटीने आलेल्या बाईला 'उद्या या' म्हणजे पुन्हा जाण्यायेण्याचं भाडं आणि आणखी एक मजुरी बुडाली. मेडिकलसमोर तुम्ही जिला वरण-भात वाढता, ती आणि ही बाई वेगळ्या नाहीत. फक्त तिथे तुम्ही सेवक असता आणि इथे साहेब. येशूच्या दृष्टांतात जखमी माणसाला ओलांडून गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे पुरोहित आणि मंदिराचा सेवक, हे दोघंही देवाच्याच कामातले होते, हे तुमच्यासारख्या संडे स्कूल शिकलेल्या माणसाला मी काय सांगावं?

मत्तय उठला, खरंय. त्याला बोलावणं आलं होतं. तुम्हाला आलंय की नुसता कंटाळा आलाय, हे तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांपाशी बसून स्पष्ट बोला. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नाका सोडायला सांगत नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो. तुम्ही ते आधीच पाळताय, टोमणे खाऊन पाळताय. ते टेबल सोडलंत तर तिथे कोण बसेल, त्याचा विचार केलात?

आपल्या नागपुरात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप धर्मप्रसारासाठीच आले होते. पण त्यांनी शाळा चालवली, गोंडांच्या परंपरा टिपल्या, खडक आणि जीवाश्म तपासले. त्यातलं प्रभूचं किती आणि वाया गेलेलं किती, हा हिशेब कोण मांडणार?

आता कामाचं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, हे कचेरीत लावावं लागतं. तुमच्याकडे तो फलक कपाटामागे असेल तर दर्शनी भागात आणा. लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात टेबलाशी चिकटवा. अर्ज घेतला की पोच द्या. नावात फरक असेल तर काय करायचं ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून द्या. आणि एक पथ्य पाळा. टेबलावर येशूचं नाव काढू नका. सही मिळवायला कुणाला तुमचा विश्वास ऐकावा लागू नये, सरकारी खुर्ची सगळ्यांची आहे.

वहिनींचं ऐका. पोरीची बारावी होऊ द्या, मग हा विषय दोघं मिळून काढा. मेडिकलचं जेवण मात्र बंद करू नका.

त्या बाईचा अर्ज अडला असेल तर त्यावर फोन नंबर असेल, उद्याच फोन लावा. बुधवारची सभा अर्धा तास उशिरा ठेवता येते का, तेही मंडळीत विचारा. नाहीच जमलं तर उशिरा जा.