अँटिमनी आणि आर्सेनिक माती-पाण्यात सारखंच वागतात का?

तुमचा प्रश्न असा: दोन्ही मूलद्रव्यं आवर्त सारणीच्या एकाच गटातली, मग जुन्या शूटिंग रेंजच्या मातीत चुना टाकला तर शिशाबरोबर अँटिमनीही जागच्या जागी थांबेल का?

बहुतेक वेळा उलटंच होतं. मी मातीच्या रसायनशास्त्रात काम करते, आणि शिशाचा उपाय अँटिमनीवर तसाच केलेला पाहिला की जीव तुटतो. शिसं थांबतं, अहवाल छान येतो, आणि अँटिमनी गुपचूप खालच्या पाण्याकडे निघालेलं असतं.

गोळीतलं शिसं कडक व्हावं म्हणून त्यात साधारण 2 ते 5 टक्के अँटिमनी मिसळतात. गोळी मातीच्या भरावात रुतली की धातू हळूहळू गंजतो. अँटिमनी आधी तीन संयुजेच्या रूपात येतं आणि माती हवेशीर असेल तर पाच संयुजेच्या रूपात जातं. या दुसऱ्या रूपाला अँटिमोनेट म्हणतात. मधे अँटिमनी, भोवती सहा हायड्रॉक्सिल, आणि एकूण भार ऋण. शिशाचे आयन मात्र धनभारित. सगळी गोम इथेच आहे. चुन्याने पीएच चढला की मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचा पृष्ठभागही ऋण होत जातो. तो शिशाला घट्ट धरतो आणि अँटिमोनेटला दूर लोटतो. फॉस्फेट टाकलं तरी तेच: शिशाचं न विरघळणारं खनिज बनतं, पण फॉस्फेट स्वतः ऋणभारित असल्याने अँटिमोनेटची जागा बळकावतं.

स्वित्झर्लंडमध्ये गावोगावी रेंज आहेत आणि बऱ्याच ठिकाणी माती चुनखडीची. तिथे खूप दूषित मातीत कॅल्शियम अँटिमोनेट तयार होतं, त्यामुळे थोडा लगाम बसतो. पण ते बऱ्यापैकी विरघळतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 20 मायक्रोग्रॅम आहे. अशा मातीतून झिरपलेलं पाणी ती सहज ओलांडू शकतं.

आता आर्सेनिकशी तुलना. माती पाण्याखाली गेली, हवा संपली, की आर्सेनिक सुटू लागतं. भातखाचरांत हे नेहमीचं. अँटिमनीचं तसं नाही. पाच संयुजेचं अँटिमनी तीनवर उतरतं, आणि ते रूप लोहाच्या ऑक्साइडला जास्त घट्ट चिकटतं, तेही आम्लापासून अल्कलीपर्यंत. म्हणून सुरुवातीला पाण्यातलं अँटिमनी कमी होतं. पण पाणी साचूनच राहिलं तर ते ऑक्साइडच विरघळू लागतात, आणि त्यांना धरून बसलेलं अँटिमनीही मोकळं होतं. थोडे दिवस साचलेलं पाणी पाहून निर्धास्त होऊ नका.

भराव बांधायचा असेल तर लोहयुक्त पदार्थ मिसळण्याचा विचार आधी करा, चुन्याचा नंतर. आणि तपासणी देताना प्रयोगशाळेला विचारा की मातीचं पचन (म्हणजे मोजण्याआधी माती आम्लात विरघळवणं) कशात करता? नुसत्या नायट्रिक आम्लात अँटिमनीचा बराच भाग न विरघळणारा ऑक्साइड होऊन तळाशी बसतो आणि आकडा कमी येतो. हायड्रोक्लोरिक आम्लही हवं. पाण्याचा नमुना असेल तर तीन आणि पाच संयुजेचं अँटिमनी वेगवेगळं मोजून मागा, आणि नमुना लवकर पोचवा, कारण हवेशी संपर्क आला की बाटलीतच तीनचं पाच होऊ लागतं.