नोकरी सांभाळून गोव्याच्या सत्तरी तालुक्यात छोटं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग, चालवता येईल का? तिथला रोजचा दिवस कसा असतो?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पणजीत आहे, आजोळकडून वाळपईजवळ दोन हजार चौरस मीटरचं जुनं कुळागर मिळालंय, शनिवार-रविवार तिथे जायचा विचार आहे, आणि सोबत एक गाय नि थोड्या कोंबड्या ठेवाव्यात असं वाटतंय. मी सावईवेऱ्यात राहते, फोंड्याला शाळेत शिकवते आणि बाबा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, आमचं तीन हजार चौरस मीटरचं कुळागर बघते. जमेल तुम्हाला. फक्त शनिवार-रविवारचा हिशेब हिवाळ्यापुरता धरा. पोफळीचं, म्हणजे सुपारीचं, वर्षाचं पीक राहणार की जाणार, हे जून ते सप्टेंबरमध्ये ठरतं.

पहिल्याच वर्षी मी यात चुकले. मेअखेर फवारणीला येतो म्हणालेला माणूस आला नाही, मीही शाळेच्या कामात होते, दुसरा कोणी शोधला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेचना. आषाढात पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला. उचलून बघितलं तर देठाकडे पाणी मुरल्यासारखा काळपट डाग, आणि दोन दिवसांत त्यावर पांढरी बुरशी. हाच कोळेरोग. तेव्हा धावाधाव करून उपयोग नसतो, कारण ओल्या झाडावर कोणी चढत नाही आणि चढलाच तरी औषध धुऊन जातं. बाबांनी लावलेल्या झाडांचं अर्ध्याहून जास्त पीक त्या वर्षी मी झाडून गोळा केलं आणि जाळलं. अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून या रोगावर फवारायचं औषध, बोर्डो मिश्रण, स्वतः करायला शिका. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत, लोखंडी भांड्यात नको. मग दोन्हींच्या धारा एकाच वेळी तिसऱ्या पिंपात सोडायच्या आणि ढवळत राहायचं. झालं की कोयत्याचं घासलेलं पातं थोडा वेळ त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाही. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी, उघडीप मिळेल तशी. चढणाऱ्या माणसाशी एप्रिलमध्येच बोलून ठेवा. मेमध्ये सगळ्या गावाला तोच हवा असतो.

पावसात दुसरं रोजचं काम जायफळाचं. टरफल उकलून फळ खाली पडतं, आणि ओल्या पाचोळ्यात दोन दिवस राहिलं तर बुरशी धरतं. शाळेत जायच्या आधी मी टोपली घेऊन एक फेरी मारते. लाल जायपत्री सोडवून वेगळी वाळवायची. ऊन नसतं, तेव्हा चुलीवरच्या माळ्यावर. हे काम मला मनापासून आवडतं, हाताला दिवसभर वास राहतो. तुम्ही नवं जायफळ लावणार असाल तर बियांचं रोप घेऊ नका. नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि कुठलं काय ते फुलावर आल्याशिवाय कळत नाही, त्यात पाच-सात वर्षं जातात. कलमच घ्या.

डिसेंबर ते मे दिवस पाण्याने सुरू होतो. पहाटे साडेपाचला तळीचं तोंड उघडते. पोफळींना ठिबक केलंय, पण केळी आणि जायफळं अजून पाटावरच ठेवलीत. ठिबक सोपं, हे खरं. तरी कुदळ खांद्यावर घेऊन पाटाकडेने चाललं की झाडं दिसतात: मिरीची कुठली वेल पिवळी पडतेय, माडाच्या नव्या चुडतांना कातरल्यासारखे त्रिकोण पडलेत का. त्रिकोण दिसले तर गेंड्या भुंगा आलाय. कोवळ्या पानांच्या बेचक्यात डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घालतात, तेही कराच, पण त्याच्या अळ्या वाढतात शेणखताच्या खड्ड्यात.

इथे कोंबड्या कामाला येतात. खत उलथलं की अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वर येतात आणि माझ्या आठ गावठी कोंबड्या एकही शिल्लक ठेवत नाहीत. तेव्हा कोंबड्या ठेवा, मात्र संध्याकाळी खुराड्याचं दार लावणारं माणूस रोज हवं. उदमांजराला एक उघडी रात्र पुरते. गाय सध्या नको. दोन वेळचं दूध, चारा, आजारपण हे पणजीहून होणार नाही, आणि मुक्या जनावराचे हाल होतील. शेण शेजाऱ्यांकडून विकत घ्या.

माकडं येणारच. शहाळी पाडतील, केळी नेतील. कुत्रा असला तर थोडा धाक राहतो. कोणी कितीही सांगितलं तरी कुंपणात वीज सोडू नका. त्यात माणसंही गेली आहेत.

छंद म्हणाल तर एप्रिल-मे भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा. फोडून बिया काढायच्या, साली उन्हात घालायच्या, त्याच रसात परत परत बुडवून वाळवायच्या. ही वाळलेली सोलं वर्षभर पुरतात, बियांच्या तेलाने, भिरंडेलाने, थंडीत टाचा भेगाळत नाहीत. आणि चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी, सुपारीचं शिपटं नि नारळाची पेंड (घड) आपल्या झाडाची काढताना मुलं खाली उभी राहून ओरडतात, तो दिवस मी कुठल्याही कामासाठी सोडत नाही.

यंदा एकही जुनं झाड तोडू नका. जूनमध्ये आठवडाभर रजा काढून तिथेच राहा. भर पावसात फिरून पाणी कुठून शिरतं आणि कुठे तुंबतं त्या जागी काठ्या रोवून ठेवा. पाऊस ओसरला की चर तिथूनच काढायचे.